शिष्यवृत्तीची शीट कोण कोण बघतंय?

पत्राचा सारांश (व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत):

“विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मी विद्यार्थी विभागात कंत्राटी लिपिक आहे. शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे असतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रडत टेबलाशी आली. ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खातं तपासायचंय’ असा तिला फोन आला होता. समोरच्याला तिचं नाव, वर्ग, प्रवर्ग, बँकेची शाखा सगळं ठाऊक होतं. तिने ओटीपी सांगितला आणि खात्यात होते नव्हते तेवढे पैसे गेले. तेव्हा मला आमची गूगल शीट आठवली. लॉकडाऊनमध्ये एका सहकाऱ्यांनी ती स्वतःच्या जीमेलवर तयार केली होती आणि मुलांनी आपापली ओळ भरावी म्हणून लिंक वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. ते नोकरी सोडून गेले, शीट तशीच चालू आहे. हजारावर मुलांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, जात, उत्पन्न, दिव्यांगत्वाची टक्केवारी, मोबाइल नंबर त्यात आहेत आणि लिंक असेल त्या कोणालाही ती उघडते. मी अधीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘ओटीपी तिने दिला, चूक तिची. आपली शीट कोण बघतंय? नॅकची (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) समिती तोंडावर आहे, आता हे झेंगट नको.’ जूनमध्ये माझं कंत्राट संपतं. वर तक्रार करू की गप्प बसू? की एका रात्री बसून सगळी शीटच कोरी करून टाकू?”

शीट कोरी करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हा विचार आधी डोक्यातून काढा. एक तर कोरी केल्याने ती कोरी होत नाही. गूगल शीट आपल्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवते आणि ज्याला बदल करण्याचा अधिकार आहे तो कालची प्रत आज परत आणू शकतो. शिवाय त्या इतिहासात वेळेसकट नाव उमटेल ते तुमचं. उद्या चौकशी बसली तर इतकी वर्षं शीट उघडी ठेवणारे सगळे नामानिराळे राहतील आणि प्रश्न एवढाच उरेल की रात्री अकरा वाजता तुम्ही नोंदी का पुसल्या. आणि ज्या मुलांचे अर्ज अजून छाननीत असतील त्यांची अडचण होईल ती वेगळीच.

करायचं ते याहून साधं आहे आणि आज जेवणाच्या सुट्टीआधी होण्यासारखं आहे. शीटच्या वर उजवीकडे ‘शेअर’चं बटण आहे. ते दाबलं की ‘जनरल ॲक्सेस’खाली ‘एनीवन विथ द लिंक’ दिसेल आणि शेजारी ‘व्ह्यूअर’ किंवा ‘एडिटर’. या चौकटीचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या. मग तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडा. मूळ मालकाने मुद्दाम अडवलं नसेल तर एडिटरला हे करता येतं. ज्या दोघा-तिघांना शीट खरोखर लागते त्यांना त्यांच्या ईमेलने नावानिशी जोडा. अधीक्षकांना तोंडी सांगा, ‘सर, लिंक बंद केली आहे, तुमचं नाव आत आहे.’ परवानगी मागत बसू नका. संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना आपण टिपणी फिरवत नाही.

शेजारी ‘एडिटर’ लिहिलेलं असणार, असा माझा अंदाज आहे, कारण मुलांनी स्वतः ओळी भरल्या आहेत. मग प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. लिंक हाती असलेला कोणीही नुसतं बघू शकत नव्हता, बदलूही शकत होता. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तिथे तुमच्या शीटमधल्या खाते क्रमांकाला फारसं महत्त्व नाही. पण अनामत रकमेचा परतावा, परीक्षा शुल्काचा परतावा अशी रक्कम महाविद्यालय स्वतः पाठवतं, तेव्हा लेखा विभाग खाते क्रमांक कुठून उचलतो? याच शीटमधून उचलत असेल तर पुढचा परतावा काढण्यापूर्वी क्रमांक पासबुकाच्या प्रतीशी ताडून घ्या.

आता अधीक्षकांच्या दोन वाक्यांकडे येते, कारण तुमच्या पत्रात त्यांचं ओझं जाणवतंय. तुम्ही ती वाक्यं खोडून काढलेली नाहीत, नुसती सोसली आहेत.

‘आपली शीट कोण बघतंय?’ हे कळायला काहीच मार्ग नाही, हीच तर अडचण आहे. खाजगी जीमेलवरच्या शीटमध्ये लिंकवरून कोण येऊन गेलं याची यादी मिळत नाही. शीट उघडी असताना वरच्या कोपऱ्यात कधी कधी रंगीत गोल दिसतात, त्यात एखादा निनावी कॅपीबारा किंवा निनावी वॉम्बॅट बसलेला असतो. नावानिशी न जोडलेल्या, नुसत्या लिंकवरून आलेल्या माणसाला गूगल असं सोंग देतं. तुम्हीही ते पाहिले असतील आणि कोणीतरी विद्यार्थी असेल म्हणून सोडून दिलं असेल. असेलही विद्यार्थी. टॅब बंद केला की कॅपीबारा जातो आणि मागे नावनिशाणी राहत नाही. पूर्ण शीट डाउनलोड करायला त्याला काही सेकंद पुरतात. म्हणून लिंक आज बंद केलीत तरी बाहेर गेलेल्या प्रती परत येणार नाहीत, एवढं गृहीत धरून पुढचं काम करावं लागेल.

आणि बघणारा प्रत्येक वेळी झारखंडात किंवा परदेशात बसलेला भामटाच असला पाहिजे असंही नाही. सायबर सुरक्षा म्हटलं की आपण लगेच पैशांकडे बघतो. त्या शीटमधले दोन रकाने मात्र वर्गातल्याच मुलांना पुरेसे आहेत. ‘प्रवर्ग’ आणि ‘दिव्यांगत्वाची टक्केवारी’. शेजारच्या बाकावरचा मुलगा लिंक उघडतो, आडनावावरून कळत नव्हतं ते एका ओळीत कळतं, आणि त्या मुलीचा वसतिगृहातला पुढचा महिना कसा जातो हे कुठल्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत येत नाही. एखाद्या मुलाने आपलं श्रवणदोषाचं प्रमाणपत्र तुमच्या टेबलावर दिलं ते सवलतीसाठी; वर्गात त्याने ते कोणालाही सांगितलेलं नसतं. वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा, आईच्या नावापुढचं ‘विधवा’ किंवा ‘परित्यक्ता’, मुलींचे मोबाइल नंबर. विश्वास ठेवून दिलेली ही माहिती ग्रुपवर पडली, तर त्यातून होणाऱ्या त्रासाला ओटीपी लागत नाही. अधीक्षकांशी बोलताना पैशांचा मुद्दा बाजूला ठेवून हा मांडलात तर कदाचित ते जास्त ऐकतील. त्यांचीही मुलं कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात असतीलच.

‘चूक तिची.’ ओटीपी सांगायला नको होता, हे खरं. पण अनोळखी माणसाला ओटीपी न देणारी मुलगी ‘शिष्यवृत्ती विभागा’ला देते, कारण फोनवरच्या माणसाला तिचा प्रवर्ग आणि शाखा ठाऊक असते. फसवणुकीचं निम्मं काम ती माहितीच करते. तरीही तुम्हाला एक पथ्य पाळायला सांगते. ती माहिती तुमच्याच शीटमधून गेली असं कुठेही लिहू नका. मुलांनी अर्ज नेट कॅफेत भरलेले असतात, दाखल्यांच्या झेरॉक्स चार दुकानांत काढलेल्या असतात, सेतू केंद्रात कागद दिलेले असतात. तुमच्याकडे पुरावा नाही. शीट उघडी होती हे सिद्ध आहे आणि तेवढं पुरेसं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्यात तर कार्यालय ‘सिद्ध करा’ म्हणेल, आणि त्या वादात लिंक विसरली जाईल.

त्या मुलीचं वेगळं करू. तिने १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली आहे का? बँकेला लेखी कळवलं आहे का? ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान बहुतेक वेळा ग्राहकाच्या माथी येतं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेला सोसावं लागतं, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७चे निर्देश आहेत. महिना उलटला आहे, पैसे परत मिळण्याची आशा फार धरू नये. पण तक्रार क्रमांक हवाच, कारण त्याच माहितीवर उद्या कोणी दुसरं काही केलं तर तो कामी येतो. आधारचं बायोमेट्रिक लॉकही तिला करून द्या, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशांचा कोणाला गैरवापर करता येणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि तिच्या एकटीने ते होणार नाही.

आता नॅक. पत्रात ही गोष्ट ओझरती आली आहे, पण मला सगळ्यात जास्त रस तिच्यात आहे. नॅक येणार म्हणून हा विषय नको, असं साहेबांना वाटतं. वास्तविक नॅक येणार म्हणूनच हा विषय आत्ता हवा. स्वयंमूल्यांकन अहवालाला पुरावे जोडायचे म्हणून शिष्यवृत्तीधारकांच्या याद्या, राखीव जागांवरचे प्रवेश, मंजुरीची पत्रं स्कॅन होऊन महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढतात. अनेक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर आजही अशा पीडीएफ पडून आहेत, नाव, प्रवर्ग, मोबाइल नंबर सगळ्यासकट; गूगलवर शोधलं की सापडतात. तुमची शीट निदान लिंकमागे तरी होती. तेव्हा आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकांना आत्ताच गाठा आणि विचारा, पुराव्याच्या फाइलीत कोणते रकाने खरोखर लागतात? आणि पीडीएफमध्ये नंबरांवर नुसती काळी पट्टी ओढून काम झालं असं समजू नका. पट्टीखालची अक्षरं बऱ्याचदा तशीच असतात, निवडून कॉपी केली की बाहेर येतात. एक्सेलमध्ये रकानाच काढून मग पीडीएफ करा.

प्रतिष्ठेचा प्रश्न राहिला. झालेलं झाकलं तर नाव राहतं, असं आपल्याकडे धरून चालतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत २०१८च्या शेवटी घुसखोरी झाली आणि ती लक्षात यायला २०१९ उजाडलं. सुरुवात एका ईमेलने झाली. तो नुसता प्रीव्ह्यूत बघितला गेला, आत क्लिकही करावं लागलं नाही. घुसखोर पोचले तिथे एकोणीस वर्षांची माहिती होती. कधीच पदवी घेऊन गेलेल्या मुलांची, नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यांची. विद्यापीठाने २०१९च्या जूनमध्ये ते जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये कुठे काय चुकलं याचा सविस्तर अहवाल लोकांसमोर ठेवला. कुलगुरू होते ब्रायन श्मिट, भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. त्यांनी ‘आमचं कोण बघतंय’ म्हटलं असतं तरी खपलं असतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे सर्व्हर २०१९च्या नाताळच्या तोंडावर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले; विद्यापीठाने तीस बिटकॉइन मोजले, आणि पुढच्या फेब्रुवारीत जाहीर कार्यक्रम घेऊन सगळा घटनाक्रम इतर संस्थांना सांगितला. पैसे देण्याच्या निर्णयावर टीका झाली, व्हायलाही हवी. पण लपवल्याचा ठपका कोणी ठेवू शकलं नाही. आपल्याकडे २०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा देशातल्या नामवंत वैद्यकीय संस्थेत केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली होती. मोठ्या संस्थांची ही गत असेल तर तुमच्या महाविद्यालयाने संकोचायचं कारण नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणातली एकोणीस वर्षं लक्षात ठेवा. तुमच्या शीटमध्ये लॉकडाऊनमधल्या मुलांच्या ओळी आहेत, ती पास होऊन कामाला लागली. त्यांचे आधार क्रमांक रोज उघडल्या जाणाऱ्या शीटमध्ये कशाला हवेत? लेखापरीक्षणासाठी लागणारं रेकॉर्ड कार्यालयाच्या ताब्यात वेगळं राहू द्या. चालू शीटमध्ये चालू वर्षाची मुलं. आणि चालू मुलांचेही सगळे रकाने लागतात का ते तपासा. अर्ज मुलांनी पोर्टलवर भरलेला आहे, कागद तिथे चढवलेले आहेत, छाननी तुम्ही महाविद्यालयाच्या लॉगिनमधून करता. मग शीटमध्ये नाव, वर्ग, अर्ज क्रमांक आणि ‘त्रुटी/पूर्ण’ एवढे रकाने पुरतात, असं मला वाटतं. नवीन माहिती गोळा करायची झाली तर गूगल फॉर्म वापरा, त्यात एकाने भरलेलं दुसऱ्याला दिसत नाही. फक्त उत्तरांचा गोषवारा दाखवायची सोय बंद ठेवा. आधारची प्रत लागलीच तर मास्क केलेली घ्या, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तक्रार की गप्प, या दोनच वाटा तुम्ही धरल्या आहेत. कार्यालयात तिसरी वाट असते आणि ती तुम्ही रोज वापरता. टिपणी. तिच्यात कोणाचं नाव नाही, दोष नाही, त्या मुलीचा उल्लेख नाही. साधारण अशी:

“विषय: विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीची शीट सुरक्षित करणेबाबत. सविनय सादर. शिष्यवृत्तीच्या कामासाठी वापरात असलेली गूगल शीट माजी कर्मचाऱ्यांच्या खाजगी ईमेल खात्यावर असून, लिंक असणाऱ्या कोणासही ती उघडता येत असल्याचे दि. … रोजी निदर्शनास आले. दि. … रोजी लिंक बंद करण्यात आली आहे. सदर शीट महाविद्यालयाच्या अधिकृत खात्यावर घेणे, अनावश्यक रकाने वगळणे व संबंधित विद्यार्थ्यांना सावधगिरीची सूचना देणे याबाबत आदेश व्हावेत.”

अधीक्षकांमार्फत प्राचार्यांना. नोंदवहीत क्रमांक घाला, पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा. स्क्रीनशॉट जोडाल तर त्यात कोणाची ओळ दिसणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर माहिती वाचवण्याची टिपणीच माहिती फिरवेल.

कायद्याचं बोट टिपणीत धरू नका, पण साहेबांनी ‘कुठे लिहिलंय?’ विचारलं तर उत्तर तयार असू द्या. आधार कायद्याच्या कलम २९नुसार कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही, आणि तो कायदा २०१६चा आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्या संस्थेला त्यात अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतका दंड एका महाविद्यालयाला कोणी ठोठावेल असं मला वाटत नाही, पण जबाबदारी संस्थेची आहे, लिपिकाची किंवा मुलीची नाही, हे त्यातून स्पष्ट होतं. आणि माहिती फुटल्याचं लक्षात आलं की सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, कळवावं, असे एप्रिल २०२२चे निर्देश आहेत. ते कळवणं प्राचार्यांचं काम. टिपणी त्यांच्या टेबलावर पोचल्यानंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

विद्यार्थ्यांना स्वतःहून ग्रुपवर सांगायला जाऊ नका. ‘ही लिंक उघडू नका’ असं लिहिलंत की न उघडणारेही उघडतील, आणि घबराटीचं खापर तुमच्यावर फुटेल. सूचना महाविद्यालयाच्या नावाने जावी, लिंक बंद झाल्यावर जावी आणि सरळ भाषेत असावी: तुमची अमुक माहिती काही काळ इतरांना दिसू शकत होती, शिष्यवृत्तीच्या नावाने फोन आला तर काही सांगू नका, विभागात येऊन भेटा.

जूनची भीती खोटी नाही आणि मी ती उडवून लावणार नाही. कंत्राटी माणसाचं नूतनीकरण न करायला कोणाला कारण द्यावं लागत नाही. म्हणूनच तक्रारीपेक्षा टिपणी बरी. तिच्यात तुम्ही काम करून दाखवलेलं आहे आणि वरिष्ठांना सही करून श्रेय घ्यायची जागा ठेवलेली आहे. एकट्याने जाण्याऐवजी आयक्यूएसीचे समन्वयक किंवा संगणकशास्त्राच्या विभागातले कोणी बरोबर असतील तर उत्तम. आठ-दहा दिवसांत काही हललं नाही तर प्राचार्यांना थेट भेटा, टिपणीची प्रत घेऊन. तरीही नाही, तर त्या मुलीला विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तिथून पुढे विद्यापीठाच्या लोकपालांकडे अर्ज करण्याची वाट आहे. ती विद्यार्थिनी आहे, तिचं कंत्राट जूनमध्ये संपत नाही. तिला अर्ज करायला लावू नका. वाट आहे एवढं सांगा.

इतर विभागांत काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडं. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढा. पोर्टलचं एकच लॉगिन चौघं वापरत असतील तर निदान कोणी गेल्यावर पासवर्ड बदला आणि दुहेरी पडताळणीचा ओटीपी निवृत्त माणसाच्या मोबाइलवर जात नाही ना ते बघा. हसू नका, असं असतं. अंतर्गत गुण ग्रुपवर टाकताना नावांची यादी टाकू नका. आणि बॅकअपची एक प्रत कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेली असावी, सतत जोडलेली हार्ड डिस्क खंडणीवाल्यांच्या तावडीत तितकीच सापडते.

तुमच्याकडे परत येते. ज्या सहकाऱ्यांनी शीट बनवली त्यांना फोन करायला लागेल. मालकी त्यांच्या जीमेलवर आहे, शीट महाविद्यालयाच्या ताब्यात आणायची तर त्यांची साथ लागेल. फोनवर दोष देऊ नका. लॉकडाऊनमध्ये कार्यालय बंद असताना शेकडो मुलांची शिष्यवृत्ती त्यांनी त्याच शीटवरून मार्गी लावली असणार. फक्त त्याच फोनमध्ये आणखी एक विचारा: त्या काळात त्यांनी बनवलेल्या अशा आणखी किती शीट आहेत? परीक्षा अर्जांची, वसतिगृहाची, लसीकरणाची. एकच असेल यावर माझा विश्वास नाही.